दोन टक्क्यांवरची सही

म्हैसूरला कृष्णराजसागर धरणाचा विषय निघाला की दागिन्यांची गोष्ट निघतेच. धरणाचं काम पैशावाचून अडलं तेव्हा राजमातेने आपलं जडजवाहीर विकायला काढलं, अशी ती गोष्ट. तिच्यात तथ्य किती यावर वाद आहेत आणि ते इथे सोडवण्याचं कारण नाही. लक्षात घ्यायचं ते वेगळंच. या राजमाता, केंपनंजम्मण्णी देवी, ‘वाणीविलास सन्निधान’ या बिरुदाने ओळखल्या जाणाऱ्या, १८९५ ते १९०२ म्हैसूर संस्थानच्या रीजंट होत्या. संस्थानचे मोठे खर्च त्यांच्या संमतीने होत होते. तरी लोकांच्या तोंडी राहिले ते दागिने. त्यांनी मंजूर केलेल्या तरतुदी कुणाच्या तोंडी नाहीत. बाईने अंगावरचं उतरवून दिलं की आपले डोळे भरून येतात. बाईने खतावणी उघडून एका खात्यातला पैसा दुसऱ्या खात्यात वळवला, तर त्यात सांगण्यासारखं काही आहे असं आपल्याला वाटतच नाही. कंपन्यांचं दान आणि वित्तक्षेत्रातल्या स्त्रिया या विषयावरची आजची बरीचशी चर्चा याच दागिन्यांपाशी अडकलेली आहे. स्त्री आली की माया येईल, माया आली की देणगी वाढेल, असा तो हिशेब. माझं म्हणणं असं की हा हिशेब चुकीच्या रकान्यात मांडला जातो. स्त्रियांचा परिणाम होतो, पण तो दानाच्या रकमेवर फारसा दिसत नाही. पैसा कुठे जातो, किती वर्षं जात राहतो आणि पोचला की नाही हे कोण तपासतं, इथे तो दिसतो. आणि तोही जिथे तिच्या हाती खरोखर वही आहे तिथेच. नुसत्या शोभेच्या खुर्चीवरून नव्हे.

रीजंट राणीचं उदाहरण थोडं जवळून पाहू, कारण उद्योगपतीचं दान आणि तिजोरीवर बसलेली बाई यांची गाठ इथे फार लवकर पडली. चामराजेंद्र वडियार १८९४च्या डिसेंबरात कलकत्त्यात अचानक वारले. मुलगा दहा वर्षांचा. त्यानंतरच्या वर्षांत मुंबईत जमशेटजी टाटांनी विज्ञानसंस्थेसाठी आपल्या संपत्तीचा मोठा हिस्सा देऊ केला आणि संस्था कुठे उभारायची हा प्रश्न आला. सर विल्यम रॅम्से यांनी पाहणी करून बेंगळुरूच्या बाजूने कौल दिला. त्यामागे तिथलं हवामान होतं तशी म्हैसूर दरबारने दाखवलेली तयारीही होती, आणि ती दाखवली गेली तेव्हा रीजंट राणी कारभार पाहत होत्या. प्रत्यक्ष ३७१ एकर जमीन मिळाली १९०७ साली, मुलगा कृष्णराज याने कारभार हाती घेतल्यानंतर. तेव्हा दिवाण होते व्ही. पी. माधवराव, तंजावरच्या मराठी घराण्यातले. मराठी वाचकाला हा धागा सहसा ठाऊक नसतो. याच राणींच्या काळात शिवनसमुद्रची वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत नेण्याची योजना पार पडली आणि मारीकणिवेच्या धरणाचं काम सुरू झालं. दानधर्म म्हणून यातलं काहीच ओळखलं जाणार नाही, आणि मुद्दा नेमका तोच आहे. १८९७मध्ये जुना लाकडी राजवाडा जळाला तेव्हा नवा बांधायचा हुकूमही याच राणींचा. आज दसऱ्याला लाखभर दिव्यांनी उजळतो तो हा वाडा. खर्च एक्केचाळीस लाखांहून जास्त. ‘बाई म्हणून माया’ हा एकच नियम लावायचा तर एकाच हाताने केलेले हे सगळे खर्च एका ओळीत बसवता येत नाहीत. सात वर्षं सलग तिजोरीपाशी बसलेल्या कारभारणीचे निर्णय म्हणून मात्र ते सहज बसतात. कुणी म्हणेल, खरं काम दिवाण शेषाद्री अय्यरांनी केलं आणि वर ब्रिटिश रेसिडेंटची नजर होतीच. बरोबर. पण मोठ्या पैशाचा निर्णय कुठल्याही काळात एकट्याचा नसतो. एक होकार मिळाला नाही तर काय अडलं असतं, एवढं विचारलं की अधिकार कुठे होता ते कळतं.

आता आजकडे येऊ. कंपनी कायद्याचं १३५वं कलम १ एप्रिल २०१४पासून लागू झालं. नेटवर्थ ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांतली एक जरी अट पुरी झाली तरी कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के सामाजिक कामावर, म्हणजे सीएसआरवर, खर्च केले पाहिजेत. पहिल्या वर्षी सगळ्या कंपन्यांचा मिळून हा खर्च दहा हजार कोटींच्या आसपास होता. २०२२-२३मध्ये तो तीस हजार कोटींच्या घरात गेला. अमेरिकेत किंवा इंग्लंडात कंपनीने द्यायचं की नाही आणि किती, हे कंपनीच ठरवते. म्हणून तिथले अभ्यासक विचारतात की संचालक मंडळावर बायका आल्या तर देणगी वाढते का. आपल्याकडे या प्रश्नाचा अर्धा जीव कायद्यानेच काढून घेतला आहे. दोन टक्के द्यायचेच आहेत, मग खुर्चीवर बाई असो की बुवा.

अर्धाच का म्हणायचा? कारण दोन टक्के कशाचे, हे ठरवायलाही वित्तविभागच लागतो. हा नफा म्हणजे ताळेबंदाच्या शेवटच्या ओळीतला आकडा नव्हे. १९८व्या कलमाप्रमाणे तो वेगळा काढावा लागतो, परदेशी शाखांचा नफा त्यातून वगळला जातो, इतर भारतीय कंपन्यांकडून आलेला लाभांशही वगळला जातो. आणि दोन टक्के ही खालची मर्यादा आहे, वरची नाही. तेव्हा रकमेवर थोडा हात चालतो. पण खरा हात चालू लागला तो २२ जानेवारी २०२१पासून. तोपर्यंत ‘खर्च करा, नाहीतर का केला नाही ते सांगा’ एवढ्यावर भागत होतं, आणि सांगणारे सांगत होते. त्या दिवशी नियम बदलले. चालू प्रकल्पाचा न खर्चलेला पैसा आर्थिक वर्ष संपल्यापासून तीस दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकायचा, तीन वर्षांत संपवायचा. चालू प्रकल्प नसेल तर सहा महिन्यांत सरकारने नेमलेल्या निधीत भरायचा. चुकलं तर दंड. आणि त्यातच एक छोटी तरतूद आली, जिच्याकडे वर्तमानपत्रांनी फारसं पाहिलं नाही. दिलेला पैसा मंजूर झालेल्या कामासाठी आणि मंजूर झालेल्या रीतीनेच वापरला गेला, असं प्रमाणपत्र कंपनीच्या वित्तप्रमुखाने द्यायचं. दान देणाऱ्या बाजूला पहिल्यांदाच एका ठरावीक टेबलावर सहीची जागा तयार झाली.

या सहीआधी काय होतं ते सामाजिक संस्थांच्या कार्यालयांत कुणीही सांगेल. फेब्रुवारीत कंपनीचा फोन येतो, एवढे लाख शिल्लक आहेत, मार्चअखेर खर्ची पडले पाहिजेत. मग दप्तरं, संगणक, शिलाई मशीन, वॉटर फिल्टर, रुग्णवाहिका. मागे कंपनीच्या नावाचा फलक आणि पुढे हात जोडून उभी मुलं. दोन वर्षांनी फिल्टरची कँडल बदलायला पैसे नसतात. हा प्रकार दुष्टपणातून येत नाही, तो कॅलेंडरमधून येतो. एप्रिलमध्येच तिमाहीवार हप्ते ठरवले, देखभालीची रक्कम आधीच बाजूला काढली आणि उपयोगिता प्रमाणपत्र आल्याशिवाय पुढचा हप्ता सोडायचा नाही असं लिहून ठेवलं, तर तो टळतो. हे करण्याची ताकद सीएसआर विभागाकडे सहसा नसते, वित्तविभागाकडे असते. म्हणून विचारायचं ते असं, या टेबलावर बाई बसली तर फरक पडतो का, आणि पडला तर का?

परदेशातला पुरावा आधी घेऊ, कारण तोच जास्त उद्धृत होतो. रॉबर्ट विल्यम्स यांनी २००३मध्ये अमेरिकेतल्या १८५ मोठ्या कंपन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मंडळावर स्त्रियांचं प्रमाण जास्त तिथे देणगीही जास्त, असं त्यांना आढळलं. हे वाक्य सगळे उचलतात. पुढचं वाक्य कमी जण उचलतात. हा संबंध समाजसेवा आणि कला यांच्या देणग्यांत दिसला. शिक्षण आणि सार्वजनिक धोरण यांत दिसला नाही. म्हणजे माया सरसकट पाझरत नव्हती, काही खात्यांतच पाझरत होती. २०११मध्ये कॅटलिस्ट ही संस्था आणि हार्वर्ड बिझनेस स्कूल यांच्या अभ्यासकांनी मिळून जो अहवाल काढला, त्यात तर तीन किंवा जास्त स्त्री-संचालक असलेल्या कंपन्यांची सरासरी देणगी एकही स्त्री नसलेल्या कंपन्यांच्या कित्येक पट निघाली. असे आकडे दिसले की मी सावध होतो. मोठ्या, नावाजलेल्या, लोकांच्या डोळ्यांवर असलेल्या कंपन्या देणगीही मोठी देतात आणि मंडळावर बायकाही नेमतात. दोन्ही गोष्टी कंपनीच्या आकारातून येतात. एकीमुळे दुसरी घडली असं त्यावरून म्हणता येत नाही. संशोधक आकाराचा परिणाम वजा करण्याचा प्रयत्न करतात, पण चांगल्या कंपन्याच बायकांना नेमतात की बायकांमुळे कंपन्या चांगल्या होतात, ही गाठ अशा आकडेवारीतून पुरती सुटत नाही.

गाठ सोडवायची तर बाईची नेमणूक चिठ्ठी टाकून झालेली हवी, आणि तसं कंपन्यांत कधी होत नाही. पण गावात झालं, आपल्याच देशात. पंचायतींमधलं स्त्रियांचं आरक्षण आळीपाळीने, कुठल्याही गावाला लागू होत गेलं. (कर्नाटकाने तर घटनादुरुस्तीच्या कितीतरी आधी, १९८७च्या निवडणुकांत, पंचायतींच्या चौथ्या हिश्श्याच्या जागा स्त्रियांना दिल्या होत्या, याचं श्रेय त्या राज्याला मिळायला हवं तेवढं मिळत नाही.) राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर दुफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायतींचा खर्च तपासला आणि २००४मध्ये निष्कर्ष मांडले. स्त्री प्रधान असलेल्या ठिकाणी पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च झाला, दोन्ही राज्यांत. रस्त्यांचं मात्र उलटसुलट. बंगालमध्ये स्त्रियांनी रस्ते जास्त केले, राजस्थानात कमी. कारण बंगालमध्ये गावच्या बायकाच रस्त्यांसाठी तक्रारी करत होत्या आणि राजस्थानात करत नव्हत्या. या एका फरकात आपल्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर आहे. स्वभावानेच खर्च ठरला असता तर दोन्हीकडे सारखा ठरला असता. तो ठरला ते कुणाची गरज त्या टेबलापर्यंत पोचते यावरून. याच अंगाने हेन्रिक क्रोनक्विस्ट आणि फ्रँक यू यांचा २०१७चा अभ्यासही वाचावा. ज्या कंपनीप्रमुखांना मुली आहेत त्यांच्या कंपन्यांचं सामाजिक जबाबदारीचं गुणांकन सुमारे नऊ टक्क्यांनी जास्त निघालं, आणि हे प्रमुख बहुतेक पुरुषच होते. पुरुष पुरुषच राहिले, घरातली गरज तेवढी दिसू लागली.

कुणाची गरज कुठल्या टेबलावर दिसते, हे पाहायला महाराष्ट्रात म्हसवडसारखं दुसरं गाव नाही. साताऱ्याच्या माण तालुक्यातलं हे दुष्काळी गाव. रोज थोडी बचत ठेवायची होती पण एवढ्या किरकोळ रकमेसाठी कुठलीच बँक दारात उभी करत नव्हती, अशा एका लोहारकाम करणाऱ्या बाईच्या तक्रारीतून चेतना गाला सिन्हा यांनी बायकांची सहकारी बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज परत पाठवला; प्रवर्तक बायका अंगठेबहाद्दर, त्यांना बँकेचा परवाना कसा द्यायचा? बायका काही महिने अक्षरं गिरवून पुन्हा मुंबईला गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, आम्हाला वाचता येत नव्हतं पण हिशेब येतो, तुमच्या कॅल्क्युलेटरशिवाय व्याज विचारून बघा. १९९७मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. पुढे एचएसबीसी बँकेच्या मदतीने ग्रामीण बायकांसाठी उद्योजकता-शाळा निघाली, तिची फिरती बसही झाली. त्या काळात एचएसबीसीच्या भारतातल्या धुरिणांत नैना लाल किडवाई होत्या. एक बाई तिकडे होती म्हणून पैसा इकडे आला असं म्हणण्याची घाई मी करणार नाही. मोठ्या बँकेचे असे निर्णय अनेक हातांतून जातात. पण म्हसवडच्या बाजूला दिसणारी गोष्ट स्पष्ट आहे. २०१२-१३च्या दुष्काळात एक शेतकरी बाई गळ्यातलं सोनं तारण ठेवायला बँकेत आली. कर्ज कशाला, तर जनावरांच्या चाऱ्यापाण्याला. बँकेच्या लोकांना तेव्हा उमगलं की पैसा देऊन उपयोग नाही, कारण विकत घ्यायला चाराच नाही. त्यातून मोठी चारा छावणी उभी राहिली आणि बाहेरच्या देणगीदारांचा पैसा तिकडे वळला. सर्वेक्षण करून, सल्लागार नेमून ही गरज शोधायला सहा महिने लागले असते. तारणाच्या खिडकीपाशी ती एका दुपारी दिसली. मंगळसूत्र काउंटरवर कधी येतं, कशासाठी येतं आणि सोडवून कधी नेलं जातं, हे ज्याला रोज दिसतं त्याच्याजवळ गरजेचा जो नकाशा असतो तो कुठल्याही सीएसआर धोरणात सापडत नाही. म्हसवडला ती खिडकी बायकांची होती म्हणून सोनं घेऊन आलेली बाई कारणही बोलली.

किडवाई यांचं पुढचं काम याच धर्तीचं आहे. फिक्कीच्या पहिल्या महिला अध्यक्ष झालेल्या या बँकर २०१५पासून इंडिया सॅनिटेशन कोअलिशन चालवू लागल्या. स्वच्छ भारतच्या त्या वर्षांत कंपन्यांना शौचालयं बांधायची घाई झाली होती. या मंचाने धरून ठेवलेली चौकट चार भागांची होती. बांधणं, वापर, देखभाल आणि शेवटी मैल्यावर प्रक्रिया. चारांपैकी तीन भागांचे फोटो निघत नाहीत. भांडवली खर्च आणि आवर्ती खर्च यांतला फरक ज्याच्या हाडीमाशी खिळला आहे, त्यालाच अशी चौकट सुचते. यात बाईपण किती आणि बँकरपण किती, हे वेगळं काढता येणार नाही. काढायची गरजही नाही.

आता म्हैसूरला परतायला हवं, कारण दान आणि कंपनी यांची सगळ्यात गाजलेली जोडी या शहराच्या अंगणात आहे. इन्फोसिसचं विस्तीर्ण प्रशिक्षण केंद्र इथेच आहे. नारायण मूर्ती इथल्याच महाविद्यालयात इंजिनिअर झाले. १९८१मध्ये कंपनी सुरू करायला सुधा मूर्ती यांनी साठवलेले दहा हजार रुपये दिले, ही गोष्ट आता पाठ्यपुस्तकासारखी सर्वांना पाठ आहे. पण तिचा उत्तरार्ध जास्त बोलका आहे. दोघांपैकी एकानेच कंपनीत असायचं असं ठरलं आणि पहिलं भांडवल देणारी, स्वतः इंजिनिअर असलेली बाई कंपनीबाहेर राहिली. पंधरा वर्षांनी, १९९६मध्ये, तिच्यासाठी जे दार उघडलं ते फाउंडेशनचं. २०२१च्या अखेरपर्यंत त्यांनी ते मोठं केलं, याबद्दल शंका नाही. हेब्बाळ औद्योगिक वसाहतीजवळचा सांडपाण्याने भरलेला तलाव फाउंडेशनने साफ केला, आणि नुसता गाळ काढून न थांबता सांडपाणी शुद्ध करणारं केंद्रही उभारलं, हे बऱ्याच तलाव-प्रकल्पांपेक्षा शहाणपणाचं. तरी उद्योगघराण्यांची ही रीत तपासलीच पाहिजे. मिळवायचं खातं पुरुषांकडे, वाटायचं खातं बायकांकडे. इन्फोसिसच्याच एका संस्थापकाच्या पत्नी रोहिणी निलेकणी यांनीही सुरुवातीची आपली बचत कंपनीत घातली होती. शेअरचे पैसे हाती आल्यावर त्यांनी पाण्यासाठी काम करणाऱ्या ‘अर्घ्यम’ला शंभर कोटींचा निधी दिला. पण तो भागधारकाचा स्वतःचा पैसा होता, कंपनीच्या खात्यातला नव्हे. आपल्या चर्चेत या दोन प्रकारांची सतत सरमिसळ होते आणि मग ‘वित्तक्षेत्रातल्या स्त्रिया’ म्हणून ज्यांची नावं घेतली जातात त्यांतल्या बऱ्याच जणी प्रवर्तकाच्या पत्नी निघतात. टाटांच्या घरात एक अपवाद सापडतो. नवजबाई टाटा टाटा सन्सच्या पहिल्या स्त्री-संचालक होत्या आणि सर रतन टाटा ट्रस्टच्या अध्यक्षही. मिळवण्याच्या आणि वाटण्याच्या दोन्ही वह्यांना त्यांचा हात लागत होता.

कायद्यानेही शोभेची खुर्ची आधी दिली. २०१३च्याच कायद्यात शेअर बाजारात नोंदलेल्या (सूचीबद्ध) आणि ठरावीक आकाराच्या कंपन्यांना किमान एक स्त्री-संचालक सक्तीची झाली. मुदत जवळ आली तशी अनेक प्रवर्तकांना पत्नी, मुलगी, वहिनी यांची गुणवत्ता एकाएकी दिसू लागली. सेबीला मग सांगावं लागलं की ही बाई स्वतंत्र संचालक हवी. आधी पहिल्या ५०० कंपन्यांना १ एप्रिल २०१९पासून, नंतर पहिल्या १,०००ना २०२०पासून. आज सूचीबद्ध कंपन्यांत साधारण पाचातली एक संचालक स्त्री आहे. पण मंडळ वर्षातून मोजक्या वेळा भरतं आणि समोर आलेल्या टिपणाला मान डोलावतं. ते टिपण कुठल्या जिल्ह्याचं नाव घेऊन आलं, किती वर्षांसाठी आलं, त्यात देखभालीची ओळ होती की नव्हती, हे आधीच वित्त आणि सीएसआर विभागांच्या भांडणात ठरलेलं असतं. त्या खुर्च्यांवरच्या स्त्रिया पाचात एकपेक्षा पुष्कळच कमी. म्हणून मंडळावरच्या बायका मोजून दानावरचा परिणाम मोजणारे अभ्यास मला चुकीच्या मजल्यावर उभे राहिल्यासारखे वाटतात.

इथे एक गंभीर आक्षेप घ्यायला हवा, आणि तो बहुतेक वेळा स्त्रियांकडूनच येतो. वित्तप्रमुख बाई असेल तर तिने दानाकडे वेगळ्या नजरेने पाहावं ही अपेक्षाच अन्यायाची नाही का? तिच्या पुरुष सहकाऱ्याला भांडवली बाजार, व्याजदर, विलीनीकरण यांवर जोखायचं आणि तिला वर आणखी कनवाळूपणाच्या परीक्षेलाही बसवायचं. आक्षेप रास्त आहे आणि मायेचा सिद्धांत टाकून देण्याचं हे आणखी एक कारण आहे. बँकांच्या शिखरावर गेलेल्या सगळ्याच स्त्रियांच्या कारकिर्दी धुतल्या तांदळासारख्या राहिलेल्या नाहीत, हेही आपण पाहिलं आहे. सत्तेचे मोह पुरुषांची मक्तेदारी नाहीत. मी करतो तो दावा लहान आहे. ज्यांच्या गरजा आजवर टेबलापर्यंत पोचल्या नाहीत, त्या ओळखणारं माणूस त्या टेबलावर असेल आणि त्याच्या सहीला वजन असेल, तर पैशाची वाट बदलते. स्त्रिया हा अशा माणसांचा सगळ्यात मोठा गट आहे. वस्तीतून आलेला, शेतमजुराच्या घरातून आलेला, अपंग असलेला वित्तप्रमुखही हेच करील. श्रीमंत घरातून थेट परदेशी विद्यापीठात आणि तिथून वातानुकूलित केबिनमध्ये गेलेल्या बाईला म्हसवडची खिडकी दिसेलच असं नाही. एवढी अट घातली की दावा दुबळा होतो असं कुणी म्हणेल. मला तो खरा होतो असं वाटतं.

दुसरी गोष्ट, दान घेणाऱ्या बाजूलाही वही असते, आणि तिच्याबद्दल म्हैसूरने देशाला पुष्कळ शिकवलं आहे. तिबेटी निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी १९६८मध्ये सुरू झालेल्या ‘मायराडा’ या संस्थेच्या नावात म्हैसूर आहे, आणि तिचं सुरुवातीचं काम जिल्ह्यातल्या बैलकुप्प्याचं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तिथे असं दिसलं की मोठ्या सहकारी संस्था मोडत होत्या, पण त्यांतून फुटून निघालेले विश्वासाच्या माणसांचे छोटे गट टिकत होते. त्या गटांनी बचत केली, आपसात कर्ज दिलं, कर्ज कशासाठी हे गटानेच ठरवलं. १९८७मध्ये नाबार्डने या प्रयोगाला १० लाखांचं अनुदान दिलं आणि १९९२मध्ये बचत गट बँकांना जोडण्याचा देशव्यापी प्रयोग ५०० गटांपासून सुरू झाला. आज महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बचत गटांच्या वंशावळीत हे म्हैसूरचं नाव आहे. याच मायराडाच्या आधाराने तमिळनाडूच्या होसूर भागात गटांतल्या बायकांनी ‘मेडो’ नावाची स्वतःची कंपनी काढली आणि टायटनला घड्याळांचे पट्टे जोडून देण्याचं काम घेतलं. टायटनने या बायकांना देणगी दिली असती तर ती तीन वर्षांत संपली असती आणि कलम १३५च्या अहवालात छान दिसली असती. तिने कामाची ऑर्डर दिली. ती ऑर्डर सीएसआरच्या खर्चात मोजता येत नाही. कायदा कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायातला खर्च वगळतो. म्हणजे गरीब बायकांना सर्वाधिक काळ पुरलेली मदत कंपन्यांच्या दानाच्या आकड्यात कुठेच नाही, आणि ती मदत खरेदी आणि वित्त या दोन विभागांच्या होकाराने होते. वित्तप्रमुख बाई असो वा पुरुष, पुरवठादाराचं बिल नव्वद दिवसांऐवजी पंधरा दिवसांत चुकतं करण्याचा एक निर्णय अशा कंपनीला लाखांच्या धनादेशाहून जास्त उपयोगी पडतो.

आणखी एक अडचण नकाशाची. कायदा म्हणतो, कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्या. दिसायला न्याय्य, पण कारखाने जिथे आहेत तिथेच दान साचतं. महाराष्ट्र या पैशात सातत्याने पहिला असतो, म्हणून गडचिरोली आणि नंदुरबारच्या वाट्याला त्या मानाने येतं असं नाही. पैसा मुंबई-पुण्याच्या भोवती घोटाळतो. म्हैसूर जिल्ह्यात नंजनगूड आणि हेब्बाळला कारखाने आहेत, काबिनीच्या धरणाने आदिवासी विस्थापित झाले त्या हेग्गडदेवनकोटेला नाहीत. अंतर तासा-दीड तासाचं. ‘परिसर’ म्हणजे कारखान्याच्या भिंतीपासून पाच किलोमीटर की सगळा जिल्हा, हे कंपनी स्वतः ठरवते, आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाने ही अट कडक नसल्याचंही सांगितलं आहे. म्हणजे इथेही प्रस्तावाच्या पहिल्या मसुद्यात कुणाचं नाव येतं यावरच सगळं.

वित्तप्रमुखाचं प्रमाणपत्रही फक्त एवढंच म्हणतं की मंजूर केल्याप्रमाणे पैसा खर्च झाला. काम मंजूर करण्याच्या लायकीचं होतं का, हे ते विचारत नाही. तो प्रश्न विचारणारं परिणाम-मूल्यांकन सक्तीचं आहे ते वर्षाला सरासरी १० कोटी किंवा जास्त द्यावे लागणाऱ्या कंपन्यांना, आणि तेही एक कोटी वा त्याहून मोठ्या प्रकल्पांपुरतं. एखाद्या मध्यम कारखान्याचं वर्षाचं देणं चाळीस लाख असेल तर सीएसआर समितीही लागत नाही. पन्नास लाखांपर्यंत मंडळानेच ते काम करायचं. अशा ठिकाणी मंडळ म्हणजे घरचीच तीन माणसं असतात आणि प्रत्यक्षात यादी करणं, संस्थेची नोंदणी तपासणं, पैसे सोडणं, वर्षअखेर अहवालाचा नमुना भरणं हे सगळं एका लेखापालाच्या टेबलावर येतं. देशातल्या सनदी लेखापालांत स्त्रियांचं प्रमाण आता तीस टक्क्यांच्या आसपास पोचलं आहे, आणि अशा टेबलांवर त्या सूचीबद्ध कंपन्यांच्या मंडळांपेक्षा कितीतरी जास्त संख्येने बसलेल्या आहेत. मात्र यातल्या बहुतेक कंपन्या शेअर बाजारात नोंदलेल्या नाहीत. त्यामुळे मंडळावरच्या स्त्रिया मोजणाऱ्या अभ्यासांत त्यांचा समावेश होत नाही, आणि कलम १३५ खाली भरायच्या नमुन्यात हे प्रमाणपत्र कुणी दिलं, पुरुषाने की स्त्रीने, असा रकानाही नाही.